शेजारधर्म आणि वायफाय : एक अभ्यासपाठ

वसतिगृहातील मुले दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी निघतात, तेव्हा त्यांच्या पेटीबरोबर अभ्यासाची एक अडचणही घरी जाते. शाळेत संगणक कक्ष असतो, ग्रंथालय असते, शंका विचारायला शिक्षक असतात. पैठण, गंगापूर, वैजापूर, सिल्लोड या तालुक्यांतील खेड्यांत किंवा छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या दाट वस्तीतल्या खोलीत मात्र घरातला एकुलता एक स्मार्टफोन सकाळीच वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो. संध्याकाळी तो परत येतो, तोवर दिवसाचा डेटा संपलेला असतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ही अडचण सुट्टीपुरती राहिली नाही. त्या महिन्यांत आम्ही मुलांची दूरध्वनीवरून विचारपूस करीत असू. कोणी शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून पाठ ऐकत होते, कारण त्या घरातील वायफाय तेथवर पोहोचत होते. एका ठिकाणी शेजारच्या काकूंनी मुलीला आपण होऊन बोलावले होते आणि फोनमध्ये पासवर्ड घालून दिला होता. दुसऱ्या ठिकाणी मुलाने तो एका मित्राकडून परस्पर मिळवला होता. घरमालकाला त्याची कल्पनाही नव्हती. अभ्यास दोघांचाही झाला. तरीही या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. एक दिलेले होते, दुसरे न दिलेले. हा फरक समजून घेणे आणि वाटून घेण्याची योग्य रीत शोधणे, हा या पाठाचा विषय आहे.

१. सामाईक साधनांची आपली परंपरा

एकाने आणलेले साधन अनेकांनी वापरावे, ही गोष्ट या शहराला नवी नाही. सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबरने शहराच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातून भूमिगत नहर काढून खडकी नगरीत पाणी आणले. तीच नहर-ए-अंबरी. पुढे अठराव्या शतकात पाणचक्कीलाही अशाच नळमार्गाने डोंगरातले पाणी मिळाले आणि त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरून फकीर व यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाऊ लागले. उगम दूर होता, पण वाटपाची व्यवस्था नीट असल्यामुळे पाणी घरोघर पोहोचले. व्यवस्था ढासळली तेथे मात्र उगम भरलेला असूनही नळ कोरडे पडले.

पाणी आहे, पण सर्वांना नाही, हा अनुभवही आपल्या समाजाच्या स्मरणात आहे. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा सर्वांना खुल्या कराव्यात असा ठराव केला होता. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले. साधन असणे आणि ते सर्वांसाठी खुले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या सत्याग्रहाने शिकवले. त्यापूर्वीच, १९२५ मध्ये, बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले होते. पुढे १९५० मध्ये याच शहरात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. एकट्याच्या घरी जे साधन नाही ते सर्वांनी मिळून उभे करायचे, हा वसतिगृहामागचा विचार आहे.

दळणवळणाच्या साधनांबाबतही असेच घडले. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना ‘पी. पी. नंबर’ आठवत असेल. गल्लीत एकाच घरी दूरध्वनी असे आणि त्याचा क्रमांक दहा घरांच्या पत्रांवर, लग्नपत्रिकांवर छापलेला असे. फोन आला की त्या घरचे पोर धावत जाऊन निरोप देई. त्या सोयीला अलिखित नियम होते. रात्री उशिरा फोन येऊ द्यायचा नाही, बोलणे आटोपशीर ठेवायचे, बाहेर फोन लावला तर पैसे ठेवायचे आणि त्या घरच्यांना फोन हवा असेल तर आपण थांबायचे. फोन वापरणारा नेहमी त्या घराच्या उंबऱ्याच्या आत उभा असे. आजच्या वायफायच्या वाटपाचा विचार करताना आम्हांला हा उंबरठा फार महत्त्वाचा वाटतो.

२. आपण नेमके काय वाटतो?

भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. वायफाय हे नाव १९९९ मध्ये रूढ झाले. २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा लहरीपट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. त्यामुळे घरात राउटर लावायला आज वेगळा परवाना लागत नाही.

घरापर्यंत तारेतून आलेली जोडणी राउटर हवेतील लहरींत बदलतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंती ओलांडून दूर जातात, परंतु त्यांचा वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान असतात, पण एकदोन भिंतींतच क्षीण होतात. शेजारच्या ओट्यावर बहुधा पहिल्या प्रकारच्या लहरीच पोहोचतात.

वेगाचा हिशेब सोपा आहे. समजा घरी ४० एमबीपीएस वेगाची जोडणी आहे. स्पष्ट चित्राच्या एका व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. म्हणजे चार मुले एकाच वेळी चित्रपाठ पाहत असली तरी निम्मा वेग शिल्लक राहतो. पाठ्यपुस्तक वाचणे, शब्दकोश पाहणे, अर्ज भरणे यांना तर याहून फारच कमी लागतो. पण दहा फोनांवर एकाच वेळी खेळ आणि चित्रपट सुरू झाले, की घरच्या माणसालाही काही उघडता येत नाही. म्हणून वाटपात किती जण हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच कशासाठी हाही.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. त्यांनी शेजारच्या एका मुलाला प्रेमाने पासवर्ड दिला. मुलाने तो चुलत भावाला दिला, त्याने मित्रांना. महिन्याभरात भिंतीपलीकडे रोज संध्याकाळी घोळका जमू लागला. एके दिवशी त्या घरच्या मुलीला प्रवेशअर्ज भरायचा होता, शेवटची तारीख होती आणि पान उघडेना. वडिलांनी रागाच्या भरात पासवर्ड बदलला. त्या मुलीचा अर्ज कसाबसा भरला गेला; पण शेजारच्या मुलाचा अभ्यास थांबला आणि दोन घरांतले बोलणेही. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. उणीव होती ती ठरवून घेण्याची.

३. गरज किती खरी आहे?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी १४.९ टक्के आणि शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्के कुटुंबांत इंटरनेटची सोय आढळली होती. संगणक तर ग्रामीण भागात ४.४ टक्के कुटुंबांतच होता. त्यानंतर मोबाइल इंटरनेट खूप पसरले आहे. तरीही घरात फोन असणे म्हणजे तो मुलीच्या हाती अभ्यासाला मिळणे नव्हे, हे प्रत्येक पालक जाणतो.

न्यायालयांनीही ही गरज ओळखली आहे. केरळमधील एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींना ठरावीक वेळी मोबाइल वापरण्यास बंदी होती. ती न मानल्यामुळे वसतिगृह सोडावे लागलेल्या विद्यार्थिनीने, फहीमा शिरीनने, दाद मागितली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. वसतिगृह चालविणाऱ्या आमच्यासारख्यांनाही या निकालाने विचार करायला लावले. मुलांचे रक्षण करताना त्यांची ज्ञानाची वाट आपण अडवत तर नाही ना, हे आम्ही स्वतःला विचारत राहिले पाहिजे.

४. उघडे ठेवलेले वायफाय

मग पासवर्डच काढून टाकावा आणि ज्याला हवे त्याने वापरावे, असे कोणी म्हणेल. हा उदार विचार आहे, पण आपल्याच राज्यात घडलेली एक घटना सावध करते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. तो नवी मुंबईतील एका घराच्या वायफाय जोडणीवरून गेल्याचे तपासात निघाले. त्या घरातील रहिवाशाचा कटाशी संबंध नव्हता. त्याची जोडणी परक्यांना वापरता येण्याजोगी होती, एवढेच. तरी त्याला दीर्घ चौकशीला सामोरे जावे लागले. पुढच्या काही आठवड्यांत अशाच रीतीने मुंबईतील एका महाविद्यालयाच्या आणि एका कंपनीच्या जोडणीचाही गैरवापर झाला. त्यानंतर, २००९ मध्ये, दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत सूचना काढल्या.

असे का होते, हे मुलांना समजावून सांगावे. घरात कितीही फोन जोडलेले असले, तरी बाहेरच्या जगाला त्या सर्वांचा मिळून साधारणपणे एकच पत्ता दिसतो, आणि तो जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याचा असतो. कोणी काही अनुचित केले, तर पहिला प्रश्न त्याच घराला विचारला जातो.

याची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. मालकाच्या परवानगीवाचून संगणक किंवा जाळे वापरणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये बसते आणि त्यासाठी भरपाई द्यावी लागू शकते. न दिलेले घेऊ नये हे आपल्या मुलांना दुसऱ्या शीलातून लहानपणापासून शिकवले जाते. दिसत नाही, हातात धरता येत नाही, मालकाचे काही कमी झालेले जाणवत नाही, म्हणून पासवर्ड त्या शीलाबाहेर राहत नाही.

५. नियमात राहून वाटप

घरगुती जोडणीच्या सेवाशर्ती बहुतेक जण न वाचताच मान्य करतात. सामान्यतः त्यांत ही जोडणी त्या घरापुरती आहे, ती दुसऱ्यास विकता किंवा जागेबाहेर पुरवता येणार नाही, अशी अट असते. महिन्याला चार घरांकडून पैसे गोळा करून एका राउटरवर सर्वांना नेट देणे हा घरगुती व्यवहार राहत नाही. इंटरनेट सेवा विकण्यास अधिकृत परवानगी लागते. घरी आलेल्या पाहुण्याने वायफाय वापरणे मात्र सर्वत्र रूढ आहे. म्हणून आमची पहिली सूचना अशी, की पासवर्ड भिंतीपलीकडे पाठवण्यापेक्षा मुलाला भिंतीअलीकडे बोलवावे. ओसरीवर, बैठकीच्या खोलीत, मोठ्यांच्या नजरेसमोर त्याला एक तास बसू द्यावे. पी. पी. नंबरच्या काळातील उंबरठा येथे पुन्हा उपयोगी पडतो.

मोठ्या प्रमाणावर वाटप करायचे असेल तर त्यासाठी सरकारमान्य मार्ग उपलब्ध आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेला मंजुरी दिली. एकेकाळी गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांची पीसीओ केंद्रे होती, तशी वायफायची केंद्रे व्हावीत ही तिची कल्पना. किराणा दुकान, चहाची टपरी, वाचनालय अशी कोणतीही जागा ‘पब्लिक डेटा ऑफिस’ होऊ शकते आणि त्या केंद्राला परवाना किंवा शुल्क लागत नाही. केंद्रांचे एकत्रीकरण, हिशेब आणि वापरणाऱ्याची ओळख पटविण्याची व्यवस्था वेगळी नोंदणीकृत संस्था व अ‍ॅप पाहतात. त्यामुळे कोणी काय केले याचा भार एकट्या दुकानदारावर किंवा घरमालकावर पडत नाही. या केंद्रांना जोडणी महाग पडते अशी तक्रार होती. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती योजना त्यांना जास्तीत जास्त दुप्पट दराने द्याव्यात, असे ठरवून दिले. वस्तीतील विहार, समाजमंदिर किंवा अभ्यासिका यांच्या विश्वस्तांनी या योजनेचा अवश्य विचार करावा.

६. इतरांनी काय केले?

पालघर जिल्ह्यातील खेड्यांत आयआयटी मुंबईने ‘ग्राममार्ग’ हा प्रकल्प राबवला. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या पण न वापरल्या जाणाऱ्या लहरींनी गावापर्यंत जोडणी आणायची आणि गावात ती वायफायने पसरवायची, अशी ही पद्धत. तिला २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. तंत्राइतकेच ग्रामपंचायतीला सहभागी करून घेणेही तेथे महत्त्वाचे मानले गेले.

हिमाचलातील धरमशाला येथे २००५ च्या सुमारास, बाहेरील वायफाय परवानामुक्त होताच, तिबेटी निर्वासित समाजाच्या शाळा व संस्था डोंगरावरून डोंगरावर लहरी पाठवून एकमेकींना जोडू लागल्या. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात २००४ मध्ये ग्रामीण भागातील लोकांनी ‘गुइफी’ हे सामाईक जाळे सुरू केले. आज त्याची हजारो केंद्रे आहेत. तेथे जाळ्यात येणारा प्रत्येक जण एक लिखित करार स्वीकारतो. तिन्ही ठिकाणी वाटप टिकले ते केवळ सद्भावनेवर नव्हे. कोणी काय द्यायचे, काय पाळायचे, बिघाड कोणी दुरुस्त करायचा, हे आधी ठरले होते.

७. घरी करावयाची तयारी

पुढील गोष्टी इयत्ता आठवीपासूनचे कोणतेही मूल पालकांच्या मदतीने करू शकेल.

राउटरवर ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असल्यास तेच पाहुण्या मुलांसाठी वापरावे. त्यामुळे घरचा संगणक, कॅमेरा, प्रिंटर यांपर्यंत बाहेरचा फोन पोहोचत नाही. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवावा आणि बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद करावी. पासवर्ड किमान बारा अक्षरांचा असावा. मुलाचे नाव, जन्मतारीख किंवा फोन क्रमांक नसावा. राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड कंपनीने दिलेलाच ठेवू नये. सुट्टी संपली की गेस्ट पासवर्ड बदलावा, आणि तो बदलणार हे मुलांना आधीच सांगावे, म्हणजे गैरसमज होत नाही.

एका वहीत तारीख, मुलाचे नाव आणि वेळ लिहावी. ही पाळत नव्हे. ग्रंथालयात पुस्तक नेताना आपण नोंद करतो तसेच हे आहे. वेळ ठरवावी, उदाहरणार्थ सायंकाळी पाच ते सहा. घरच्यांना तातडीचे काम असेल त्या दिवशी ते आधी. वीज गेली की राउटरही बंद पडतो. त्यासाठी छोटी बॅटरी मिळते, परीक्षेच्या दिवसांत ती उपयोगी पडते.

जेथे जोडणीच नाही तेथेही हात रिकामे नाहीत. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. ‘किविक्स’सारख्या साधनाने विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. एका घरी उतरवलेले पेन ड्राइव्हमधून दहा घरी जाऊ शकते, आणि त्यासाठी कोणाचा पासवर्ड लागत नाही.

८. मित्रधर्माच्या पाच गोष्टी

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थ सिगालाला मित्रांशी व सोबत्यांशी वागण्याच्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत : दान, प्रियवचन, हितकारक आचरण, समानतेची वागणूक आणि वचनाशी प्रामाणिकपणा. या पाचही गोष्टी आजच्या या लहानशा व्यवहाराला लागू पडतात.

दान म्हणजे आपल्या जोडणीतील एक तास. प्रियवचन म्हणजे तो तास उपकाराची भाषा न वापरता देणे. ओट्यावर संकोचून बसलेल्या मुलाला आत ये म्हणणे. हितकारक आचरण म्हणजे पासवर्डाबरोबर थोडे लक्षही देणे, मूल काय पाहते आहे हे मायेने विचारणे. समानतेची वागणूक सर्वांत कठीण. आपल्या नात्यातल्या, आपल्या जातीच्या मुलाला आत घेणे आणि दुसऱ्याला दारातून परत पाठवणे, मुलाला बसू देणे आणि मुलीला घरकामाची आठवण करून देणे, असे झाले तर आपण नवा पाणवठा बांधून जुनीच बंदी घातली असे होईल. पाचवी गोष्ट घेणाऱ्यासाठीही आहे : मिळालेला पासवर्ड विचारल्यावाचून पुढे न देणे.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आमच्या माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आज राउटर आहे. तुम्ही शिकत होता तेव्हा कोणाच्या तरी घरच्या दिव्याखाली, कोणाच्या तरी वर्तमानपत्रावर, कोणाच्या तरी जुन्या पुस्तकांवर तुमचा अभ्यास झाला होता. येत्या सुट्टीत तुमच्या गल्लीतील एका मुलाला किंवा मुलीला आठवड्यातून तीन संध्याकाळी तुमच्या घरात बसू द्या. शाळेकडे कळवलेत, तर त्या परिसरात सुट्टीला येणाऱ्या आमच्या मुलांच्या पालकांशी आम्ही तुमची गाठ घालून देऊ.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घरची जोडणी कोणाच्या नावावर आहे, आणि तिच्या सेवाशर्ती घरातील कोणी वाचल्या आहेत का?

२. शेजारच्या मुलाला परीक्षेच्या दिवशी नेट हवे आहे आणि त्याच वेळी घरच्यांनाही काम आहे. काय कराल? हे आधीच ठरवून त्याला सांगितले आहे का?

३. मित्राने तुम्हांला दुसऱ्याच्या घरचा पासवर्ड दिला, तर तुम्ही काय कराल? ज्याचा आहे त्याला जाऊन विचारण्यास लाज वाटते का? का वाटते?

४. आपल्या गल्लीत अशी कोणती मुलगी आहे, जिला अभ्यासासाठी एक तास नेट मिळाले तर उपयोग होईल? तिच्या आईशी बोलायला आपल्यापैकी कोण जाईल?